एकोणसाठमधला पाच कुठे असतो?

एकोणसाठ हा शब्द मुलाच्या कानावर पडतो तेव्हा त्यात पाच नसतो आणि नऊही नसतो. असतो तो एक, आणि साठातून तो कमी करण्याची सूचना. वहीत मात्र आधी पाच आणि मग नऊ लिहायचे असतात. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत गणित शिकवताना ही अडचण मला दरवर्षी नव्याने भेटते, कारण माझ्या वर्गातली बहुतेक मुले घरी मराठी बोलत असली तरी बाजारात, एसटीत आणि शेजारीपाजारी कन्नड ऐकत वाढलेली असतात, आणि कन्नडमध्ये हीच संख्या ‘ऐवत्तोंबत्तु’ अशी, म्हणजे पन्नास आणि नऊ या लिहिण्याच्याच क्रमाने येते. अर्थात कन्नडचा हा सरळपणा पूर्ण खरा नाही. ‘ओंबत्तु’ या शब्दाच्या पोटातही ‘दहाला एक कमी’ असाच अर्थ आहे असे भाषेचे अभ्यासक सांगतात. म्हणजे वजाबाकी तिथेही आहे, फक्त एक पायरी खाली उतरून नजरेआड गेलेली.

संख्यांच्या नावांचा असा नाद लागल्यावर वाचता वाचता मी पापुआ न्यू गिनीला पोचले. त्या एका देशात आठशेहून अधिक भाषा बोलल्या जातात आणि त्यांतील मोजण्याच्या पद्धतींची विविधता थक्क करणारी आहे. लाए शहरातल्या तंत्रज्ञान विद्यापीठात शिकवणारे ग्लेन्डन लीन यांनी तिथल्या आणि आसपासच्या बेटांवरच्या सुमारे नऊशे भाषांतल्या मोजणीच्या पद्धती गोळा केल्या आणि १९९२ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. त्या साऱ्या पसाऱ्यातली आलांब्लाक ही भाषा मला प्रथम भेटली. ईस्ट सेपिक प्रांतात, सेपिक नदीच्या खोऱ्यात, फार थोडे लोक ती बोलतात. लेस ब्रूस यांनी लिहिलेले तिचे व्याकरण १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. या भाषेत संख्यांसाठी मूळ शब्द चारच आहेत: रपत म्हणजे एक, होस्फ म्हणजे दोन, तिर म्हणजे पाच आणि यिमा म्हणजे वीस. बाकी सगळे या चारांच्या बेरजा आणि गुणाकार. तीन म्हणजे ‘दोन-एक’, चार म्हणजे ‘दोन-दोन’. चौदा म्हणजे ‘हात दोन, आणि दोन-दोन’, कारण तिर हा हातासाठीचाच शब्द आहे. यिमा म्हणजे माणूस. दोन हातांची आणि दोन पायांची बोटे संपली की एक माणूस पुरा झाला.

मग एकोणसाठ? यिमा होस्फि तिर होस्फिरपति होस्फिहोस्फ. दोन माणसे, तीन हात, आणि दोन-दोन. चाळीस, पंधरा आणि चार. मी हे फळ्यावर लिहिले आणि अर्थ न सांगता फक्त चार मूळ शब्द दिले, तेव्हा पाचवीच्या वर्गाने ही संख्या सोडवली. एकोणसाठ किंवा एकोणऐंशी लिहिताना अडखळणारी मुलेही त्यात होती. शब्द लांबलचक आहे हे खरे, पण त्यात पाठ करण्यासारखे काही नाही. आपल्याकडे उलट आहे. मराठीत शंभरापर्यंतचा जवळपास प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे लक्षात ठेवावा लागतो. त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव यांतला ‘तीन’ प्रत्येक वेळी निराळा मुखवटा घालून येतो. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत वजाबाकीने चाललेली गाडी नव्व्याण्णवला पोचल्यावर अचानक बेरजेवर येते, आणि त्याचे कारण विचारणाऱ्या मुलाला मी ‘असंच म्हणतात’ यापलीकडे फारसे काही सांगू शकत नाही.

२०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसऐवजी ‘वीस एक’, सत्तावीसऐवजी ‘वीस सात’ असे वाचन सुचवले तेव्हा जो गदारोळ झाला तो आम्ही सीमेच्या अलीकडे वर्तमानपत्रांतून वाचला. आमची पाठ्यपुस्तके कर्नाटकाची, त्यामुळे तो बदल आमच्या वर्गात येणारच नव्हता. तरी शिक्षकांच्या बैठकीत त्यावर दोन तट पडलेच. गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे मला तेव्हाही पटले होते आणि आजही पटते: मूल सत्तावीस ऐकते तेव्हा आधी सात कानावर येतो आणि ते ७२ लिहून मोकळे होते. ही चूक आमच्याकडे मराठी घरातली मुले जितक्या वेळा करतात तितक्या वेळा कन्नड घरातून आलेली मुले करत नाहीत, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. ‘इप्पत्तेळु’ ऐकणाऱ्याला दोन आधी लिहायचा की सात, असा प्रश्नच पडत नाही. मराठी संख्यानामे टाकून द्यावीत असे मला मुळीच वाटत नाही. त्यांत शेकडो वर्षांचा प्राकृत झिजून बसलेला आहे. परंतु ‘वीस सात’ हे मराठीचे विद्रूपीकरण आहे असे म्हणणाऱ्यांनी आपल्या आजोबांची मोजणी आठवून पाहावी.

आमच्या भागात जुनी माणसे ‘तीन विसा दहा’ असे सहज म्हणत. सत्तर हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता असे नाही, पण नारळ, आंबे किंवा वर्षे मोजताना विसांचा हिशोब हाताशी असे. वीस नगांची कोडी होती, वीस मणांची खंडी होती. कडब्याच्या पाच पेंढ्या एकत्र बांधल्या की पाचुंदा होतो आणि कडब्याचा भाव अजूनही पाचुंद्यांनी नाहीतर शेकड्याने ठरतो. भाताची मळणी झाल्यावर खळ्यावर माप सुरू होई तेव्हा पहिल्या मापाला ‘एक’ कधीच म्हणत नसत. मापारी ‘लाभ’ म्हणून पहिले माप ओती आणि दुसऱ्यापासून दोन, तीन असे चाले. बाजूला बसलेल्या मुलाने ठरावीक मापांनंतर दाण्यांची एक ढिगली वेगळी ठेवायची, हे काम मी स्वतः केलेले आहे. पाचाचा गट, विसाचा गट आणि मोजताना म्हणायचे ठरलेले शब्द हे सारे आपल्याकडेही होते आणि प्रत्येकाची जागा त्या त्या वस्तूपाशी ठरलेली होती. पाचुंद्याने कुणी आंबे मोजत नसे.

पापुआ न्यू गिनीतल्या मोजणीकडे पाहताना हा मुद्दा सुटतो म्हणून इतके लांबून सांगितले. बोटे आणि अवयव मोजणारे लोक संख्येच्या शिडीच्या पहिल्या पायरीवर उभे आहेत आणि आपण वरच्या, अशी एकोणिसाव्या शतकातील युरोपीय विद्वानांची समजूत होती. ती शिडी मला खोटी वाटते, आणि ती का खोटी वाटते हे ओक्सापमिन लोकांच्या उदाहरणावरून नीट दिसते.

ओक्सापमिन हे पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातल्या, सँडाउन प्रांतातल्या काही हजार लोकांचे आणि त्यांच्या भाषेचेही नाव. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेफ्री सॅक्स १९७८ मध्ये प्रथम तिथे गेले, १९८० मध्ये पुन्हा गेले आणि २००१ मध्ये परतले. इतक्या वर्षांच्या अंतराने त्याच समाजाची मोजणी पाहायला मिळणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. ओक्सापमिन मोजणी शरीरावरच्या सत्तावीस जागांवरून चालते. एका हाताच्या अंगठ्यापासून सुरुवात होते: अंगठा एक, तर्जनी दोन, मधले बोट तीन, अनामिका चार, करंगळी पाच. मग मनगट सहा, मनगटापुढचा हात सात, कोपर आठ, दंड नऊ, खांदा दहा, मानेची बाजू अकरा, कान बारा, डोळा तेरा आणि नाक चौदा. नाकावरून पलीकडे उतरायचे: दुसरा डोळा पंधरा, दुसरा कान सोळा, मान सतरा, खांदा अठरा, दंड एकोणीस, कोपर वीस, पुढचा हात एकवीस, मनगट बावीस. शेवटी दुसऱ्या हाताची बोटे, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, तेवीस ते सत्तावीस. संख्येचे नाव म्हणजे त्या अवयवाचेच नाव. पलीकडच्या बाजूला ‘दुसरा’ अशा अर्थाची एक खूण त्याला जोडतात. फेरी पूर्ण झाली की मूठ वर करून ‘तित फू’ असा पुकारा करायचा.

यात एक बारकावा आहे आणि तो माझ्या नव्हे, वर्गातल्या एका मुलीच्या ध्यानात आला. नाक मध्यावर आहे म्हणून दोन्ही बाजू आरशासारख्या जुळतात: तेरा आणि पंधरा डोळे, बारा आणि सोळा कान, सहा आणि बावीस मनगटे, प्रत्येक जोडीची बेरीज अठ्ठावीस. पण बोटांपाशी आरसा फुटतो. एक हा अंगठा आहे, तर सत्तावीस हा अंगठा नसून करंगळी आहे, कारण दोन्ही हातांवर बोटे अंगठ्याकडूनच मोजायची असतात. हाताचा स्वतःचा क्रम शरीराच्या क्रमापेक्षा बलवान ठरला आहे. आपल्याकडे जप करताना करमालेत अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरुवात करून, करंगळीवरून चढून, तर्जनीच्या मुळाशी दहा पुरे करतात आणि मधल्या बोटाची खालची दोन पेरे मेरू म्हणून ओलांडत नाहीत. ठरलेली वाट का ठरली हे विचारले तर तिथेही भूमितीने उत्तर मिळत नाही.

ओक्सापमिन लोक या सत्तावीस जागांनी काय मोजत? डुकरे, विणलेल्या झोळ्या, वधूमूल्यात द्यायच्या वस्तू. आणि कुणी कितवा, कुठली गोष्ट कितवी, हेही सांगत. पण पैशांचा व्यवहार येण्यापूर्वी दोन संख्यांची बेरीज करून उत्तर काढण्याची वेळ त्यांच्यावर सहसा येत नसे. देवघेव वस्तूला वस्तू अशी समोरासमोर लावून होई. त्यामुळे ‘आठ अधिक सहा किती’ हा प्रश्न सॅक्स यांनी विचारला तेव्हा ज्यांचा पैशांशी संबंध कमी आला होता अशी वयस्क माणसे कोपरापर्यंत मोजत आणि तिथून पुढे मोजतच राहत, कुठे थांबायचे याचा हिशोब न ठेवता. याला अडाणीपणा म्हणणारा माणूस बेरीज ही गोष्ट निसर्गातून मिळते असे धरून चालतो.

खरी गंमत गावात दुकान चालवणाऱ्यांनी केली. आठ अधिक सहा करायचे आहेत असे समजा. आठ म्हणजे कोपर. आता पुढच्या जागेला, म्हणजे दंडाला हात लावायचा, पण तोंडाने ‘दंड’ न म्हणता ‘अंगठा’ म्हणायचे. खांद्याला हात, तोंडाने ‘तर्जनी’. मानेला हात, ‘मधले बोट’. कानाला हात, ‘अनामिका’. डोळ्याला हात, ‘करंगळी’. नाकाला हात, ‘मनगट’. मनगट म्हणजे सहा, दुसरी संख्या संपली, थांबायचे. बोट नाकावर आहे, उत्तर चौदा. बोट एक संख्या मोजते आहे आणि जीभ दुसरी, आणि दोघी एकमेकींना सांभाळत आहेत. हे मी वर्गात करून दाखवले. सुरुवातीला मुले हसली, कारण कानाला हात लावून ‘अनामिका’ म्हणणे म्हणजे मुद्दाम खोटे बोलण्यासारखे वाटते, मग एक जण शांतपणे सारे करून ओरडला, “बाई, नाकावर आलं बगा!” त्यानंतर वर्ग आवरणे कठीण गेले. आपण बोटांवर बेरीज करताना ‘आठ हातात, पुढे नऊ, दहा’ असे म्हणत बोटे मिटतो, तेव्हा हेच दुहेरी काम करत असतो. फक्त आपले संख्याशब्द बोटांपासून केव्हाच सुटे झाले असल्याने ते काम दिसत नाही. ही युक्ती कुणी शिकवली नव्हती. सुटे पैसे परत द्यायचे असतात, उधारी लक्षात ठेवायची असते, त्या गरजेतून ती दुकानाच्या फळीवर घडली.

लहान मुलांबाबतचे सॅक्स यांचे निरीक्षणही शिक्षिका म्हणून मला मोलाचे वाटले. एकाने नेहमीच्या हातापासून मोजायला सुरुवात केली आणि दुसऱ्याने उलट्या हातापासून, आणि दोघेही एकाच कानावर थांबले, तर दोघांनी सारख्याच वस्तू मोजल्या का? एकासाठी तो कान बारा आहे, दुसऱ्यासाठी सोळा. लहान मुले कान पाहून ‘सारख्याच’ म्हणत. मोठी मुले सुरुवात कुठून झाली ते पाहत. आमची मुले आकडा पाहून हीच चूक निराळ्या वेषात करतात: ५२ आणि २५ मध्ये आकडे तेच म्हणून संख्याही तीच, असे पहिलीत कितीतरी जणांना वाटते. जागेवरून किंमत ठरते, ही गोष्ट उमगायला वेळ लागतो, मग जागा शरीरावर असो की कागदावर.

पैशाने ओक्सापमिन मोजणी आणखीही बदलली. ऑस्ट्रेलियन प्रशासनाच्या काळात शिलिंग आणि पौंड आले. वीस शिलिंगांचा एक पौंड. तेव्हा शिलिंग मोजताना लोक सत्तावीसपर्यंत न जाता पलीकडच्या कोपरावर, म्हणजे विसावर थांबू लागले, एक पौंड झाला असे म्हणू लागले आणि पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात करू लागले. सत्तावीस जागांच्या पद्धतीत विसाचा टप्पा असा बाहेरून येऊन बसला. १९६६ मध्ये डॉलर आले, १९७५ मध्ये देश स्वतंत्र होताना किना आणि तोए आले. शंभर तोए म्हणजे एक किना. शिलिंगाच्या जागी आता दहा तोएचे नाणे होते, पण लोक त्याला शिलिंगच म्हणत राहिले, आणि अशी वीस नाणी, म्हणजे दोन किना, हा त्यांच्या लेखी पौंड. ‘फू’ या पुकाऱ्याचेही तसेच झाले. फेरी पुरी झाल्याचा, भरपूर झाल्याचा तो उद्गार होता. पुढे तोच शब्द ‘दुप्पट’ या अर्थाने हिशोबात वापरला जाऊ लागला, असे सॅक्स आणि त्यांच्या सहकारी इंडिगो एस्मंड यांनी २००५ मध्ये दाखवून दिले.

आमच्या जिल्ह्याला हे अपरिचित वाटू नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले आणि पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. राज्य बदलल्याचे दुःख आजही मांडले जाते. आणे मात्र कुणी सोडलेच नाहीत. पंचवीस पैशांना चार आणे आणि पन्नास पैशांना आठ आणे म्हणणारी पिढी ती नाणी व्यवहारातून दिसेनाशी होईपर्यंत तसेच म्हणत राहिली, आणि शेतीच्या वाटणीत ‘आठ आणे हिस्सा’ हा शब्दप्रयोग अजून चालतो.

हातावरच्या मोजणीचा आपला सर्वांत अस्सल नमुना मात्र जनावरांच्या बाजारात आहे. रायबाग तालुक्यातल्या चिंचलीला मायाक्का देवीची यात्रा माघात भरते आणि तिथे खिल्लार बैलांची मोठी उलाढाल होते. लहानपणी मामांबरोबर मी तिथे गेले आहे. बैलाचा जबडा उघडून आदत आहे, दोन दाती आहे की जुळला आहे हे पाहायचे. वय जनावराच्या अंगावरच लिहिलेले असते. किमतीची बोलणी सुरू झाली की हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, मामांचा उजवा हात आपल्या हातात घेई आणि दोन्ही हातांवर टॉवेल टाकी. मग तोंडाने हवापाण्याच्या गप्पा, आणि टॉवेलखाली बोटे. एक बोट दाबले की एक, दोन बोटे धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. पण एक म्हणजे शंभर की हजार, हे बोट सांगत नाही; ते बैल पाहून दोघांनाही ठाऊक असते. मामा मान हलवत, टॉवेलखाली पुन्हा हालचाल होई, आणि भोवती उभे असलेले दहा-पंधरा जण त्या टॉवेलच्या सुरकुत्यांकडे टक लावून पाहत, कारण खरा भाव दुसऱ्या गिऱ्हाइकाला कळू नये हाच सगळ्या व्यवस्थेचा हेतू होता. लिहिता-वाचता येणारी, पाढे तोंडपाठ असणारी ही माणसे हातावर उतरली ती गुप्ततेसाठी. कोणी त्यांना मागासलेल्या मोजणीचे नमुने म्हणाले असते, तर मामांनी त्याला दिडकी-अडीचकीचे पाढे विचारून गप्प केले असते.

अवयवांची मोजणी सगळीकडे सारखी असते असेही नाही. फिनिस्टेर डोंगररांगेतल्या युप्नो लोकांचा अभ्यास युर्ग वासमान आणि पियर दासेन यांनी केला. त्यांचे लेखन १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. युप्नो माणूस आधी हातापायांची वीस बोटे मोजतो, मग कान, डोळे, नाक, नाकपुड्या, स्तनाग्रे, बेंबी असे करत पुरुषाच्या गुह्यांगापाशी तेहतिसावर संपवतो, आणि तेहतीस झाले की ‘एक माणूस मेला’ असे म्हणतो. निरनिराळ्या वृद्धांनी निरनिराळे शेवट सांगितले. बायका चारचौघांत मोजत नाहीत; आणि ज्या पद्धतीचा शेवट असा पुरुषदेहावर होतो तिथे त्यांनी मोजावे तरी कसे, असा प्रश्न मला पडला. हा भाग मी वर्गात सांगितलेला नाही.

आणि ज्यांना मोठ्या संख्यांची गरज पडली त्यांनी त्या घडवल्या. न्यू गिनीच्या दक्षिणेकडच्या सपाट प्रदेशात कोम्न्झो ही अवघ्या दोन-अडीचशे लोकांची भाषा आहे. क्रिस्टियान ड्योलर यांनी तिचे व्याकरण लिहिले आहे. तिथे कोनफळाच्या जातीचे याम नावाचे कंद हे मुख्य अन्न आणि प्रतिष्ठेचे धनही. सुगीनंतर ते समारंभाने मोजतात: दोघे जण प्रत्येकी तीन कंद उचलतात, एकत्र सहा ठेवतात आणि मोठ्याने संख्या पुकारतात. सहाचे सहा गट झाले की छत्तीस, त्याला फ्ता म्हणतात आणि खूण म्हणून एक कंद बाजूला ठेवतात. सहा फ्ता म्हणजे तरुबा, २१६. सहा तरुबा म्हणजे दम्नो, १२९६. त्याच्याही वर ७७७६ साठी आणि ४६,६५६ साठी स्वतंत्र एकेरी शब्द आहेत. ४६,६५६ ला एकच छोटा शब्द, ‘वी’. एवढ्या लहान भाषेत एवढी मोठी संख्या कशाला, तर कोठारातले कंद किती आहेत हे शेजारच्या गावाला ऐकवायचे असते. याच पद्धतीने कुणी आपली मुले किंवा कुत्री मोजत नाही. ती याम मोजण्याची पद्धत आहे.

पापुआ न्यू गिनीत १९९० च्या दशकात शिक्षणसुधारणा झाली आणि पहिली वर्षे मातृभाषेत शिकवायचे ठरले. २०१३ मध्ये धोरण उलटले आणि इंग्रजी पुन्हा आरंभापासून आली. दरम्यान टोक पिसिन या तिथल्या बाजारभाषेने वान, तू, त्री असे इंग्रजीतून आलेले शब्द सगळीकडे पोचवले होते. जुन्या टोक पिसिनमध्ये अकराला ‘वानपेला तेन वान’, म्हणजे ‘एक दहा एक’ म्हणत. बालभारतीच्या ‘वीस एक’इतकेच ते स्वच्छ आहे. शहरांतून आता त्याजागी सरळ इंग्रजी शब्द बोलले जातात.

आमच्या वर्गातही मोबाइल नंबर सांगताना मराठी घरातली आणि कन्नड घरातली मुले एकमेकांशी इंग्रजीतच आकडे बोलतात, आणि तिथे चूक होत नाही, कारण तिथे संख्या नसतेच, नुसते सुटे आकडे असतात. पेन्सिलीचे सुटे पैसे परत करताना मात्र तीच मुले आपापल्या भाषेत परततात. मी सध्या पाचवीला सहाच्या पटीतली मोजणी शिकवते आहे, अभ्यासक्रमात नसताना. चिंचोके सहा-सहाच्या गटांत मांडायचे, सहा गट झाले की ‘फ्ता’ म्हणून ओरडायचे आणि एक चिंचोका बाजूला ठेवायचा. तरुबापर्यंत सगळे पोचले आहेत. दम्नोसाठी १२९६ चिंचोके लागतील, आणि ते गोळा करण्याचे काम मुलांनी शेजारच्या वर्गावर सोपवले आहे.